रिकामा तास

६ जानेवारी, सोमवार

देवाच्या कृपेने सुखरूप पोचलो. जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून ही वही प्रवासाआधीच शिवून ठेवली होती, तिचा मुहूर्त आज.

मोटारीच्या थांब्यापासून शाळेपर्यंत चांगलाच चढ आहे. हमाल केला नाही. ट्रंकेची एक कडी मी धरली, एक ठकूने. मध्ये मध्ये टेकत, हसत वर आलो. ठकू म्हणाली, आई, या ट्रंकेत तू घरातली भिंतपण घातलीस की काय.

शाळा दगडी आहे. खिडक्या इतक्या उंच, की माझ्या मनात पहिला विचार आला तो एवढे पडदे शिवणार कोण. ते काम माझेच निघाले. मुलामुलींच्या चादरी, अभ्रे आणि ते वर्गात घालतात ते काळे झगे, या सगळ्याचे कपडेघर माझ्याकडे. बदल्यात एक खोली, दोन वेळचे जेवण आणि ठकूचे शिक्षण. एवढ्या मोठ्या शाळेत तिला कोण घेणार होते? हे गेले त्याला वर्ष झाले. वर्षभर दिरांच्या घरी राहिलो. जाऊबाई साखरेच्या डब्याला कुलूप लावायच्या. ते सगळे आता मागे पडले.

मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात. पांढरे केस, मऊ आवाज. वाचनालयात बसवून त्यांनी मला स्वतः चहा दिला आणि माहेरची विचारपूस केली. नुसती तोंडदेखली नव्हे. मी सांगत गेले आणि त्या ऐकत राहिल्या. इतके कोणी कधी माझे ऐकून घेतले नव्हते. चहाचा थेंब मी कधी वाया घालवत नाही, पण आज कप तसाच निवला. उठले तेव्हा डोक्यावरून पाण्याचा हंडा उतरवल्यासारखे हलके वाटले.

ठकू झोपली आहे. पायाशी ऊब लागते तिला. घरी मांजर असायचे तिच्या पायाशी, म्हणून माझी शाल घातली आहे.

८ जानेवारी

कपडेघर लावले. आधीच्या बाईने काय गोंधळ करून ठेवला होता. चादरी मधोमध झिजलेल्या, आणि तशाच घडी घालून रचलेल्या. मी त्या मधून फाडते, कडेच्या न झिजलेल्या बाजू आत घेऊन जोडते आणि झिजलेला भाग कडेला टाकते. शिवण पाठीला टोचू नये म्हणून सपाट दाबायची, एवढेच. चादर आणखी चार-पाच वर्षे जाते. मोठ्या बाईंनी बघून मान डोलावली. म्हणाल्या, तुम्ही काहीच फेकत नाही वाटतं. मी म्हटले, फेकायला आहे काय आमच्याकडे.

स्वयंपाकीणबाई माझ्याच वयाच्या, तोंडाच्या फटकळ. मला आल्या आल्या बजावले, माझ्या शेगडीवर इस्त्री तापवायला आणलीस तर तुलाच परतीन. पण भांड्याच्या तळाची खरपुडी ठकूसाठी राखून ठेवली होती. कुठल्या तुम्ही, असे विचारले तर म्हणाल्या, मी या शेगडीमागची. आणि विषय मिठावर नेला.

मुले फार गुणी. एवढी शिस्त मी कुठे पाहिली नाही. भांडण नाही, रडणे नाही, आईची आठवण नाही. जुन्या भाषेतली लांबच लांब पाने धडाधड म्हणतात. मोठ्या बाईंना याचे गमक विचारले. त्या म्हणाल्या, डोक्यात अडगळ असली तर विद्या बसणार कुठे? म्हणून दर शनिवारी जेवणानंतर रिकामा तास असतो. एकेका मुलाने वाचनालयात त्यांच्यासमोर बसायचे आणि घरची एक गोष्ट सांगायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. मन मोकळे होते, जागा होते.

मला पटले. मीसुद्धा देवाला रोज सांगतेच की.

११ जानेवारी, शनिवार

ठकूचा पहिला रिकामा तास झाला. बाहेर आली तर चेहरा असा उजळलेला. काय सांगितलेस म्हटले, तर म्हणाली, काहीतरी सांगितलं. आणि उड्या मारत गेली.

१५ जानेवारी

ठकूने तीन दिवसांत अख्खे पुस्तक पाठ केले. वर्गशिक्षक मुद्दाम सांगायला आले. पोरीला देवाने बुद्धी दिली होतीच, आता वळण लागले. हे असते तर गावभर सांगत सुटले असते.

रात्री शाल तिच्या पायावर घालताना म्हटले, घे बाई, आता हेच तुझे मांजर. ती म्हणाली, कुठलं मांजर?

थट्टा करते. भुरी तिच्या हातात मोठी झाली.

१९ जानेवारी, रविवार

काल पुन्हा रिकामा तास होता.

आज सकाळी ट्रंक उन्हाला लावली. ठकू मदतीला आली होती. तळाशी ह्यांचा फोटो आहे, तो तिने उचलला, उलटसुलट केला आणि मला विचारले, हे कोण गृहस्थ?

मी म्हटले, ठकू, अशी थट्टा करू नये. ती माझ्याकडे बघत राहिली. थट्टा करताना तिच्या उजव्या गालाला खळी पडते. पडली नाही. तिने फोटो जपून जागेवर ठेवला, परक्याची वस्तू ठेवावी तसा.

मग मी विचारत सुटले. आपले घर. अंगणातला नळ. तिने बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली आगगाडी. काही होते, काही नव्हते. नव्हते ते तिला आठवत नाही असे नव्हे. ते तिथे कधी नव्हतेच. कापडाचा तुकडा कापून काढावा आणि कडा शिवून टाकावी, तसे.

मी देवाचे नाव घेत कपडेघरात बसून राहिले. हातात सुई होती, टाका एकही घातला नाही.

२१ जानेवारी

स्वयंपाकीणबाईंना गाठले. आधी म्हणाल्या, बटाटे निवडायचे आहेत. मी समोरून हलले नाही. तेव्हा आवाज खाली करून बोलल्या, बटाट्यावरची नजर न काढता. त्या बाईला सांगितलेलं आपल्याजवळ राहत नाही. पुरतं सांगितलं की गेलं. ते तिच्याकडे राहतं. म्हणून मी तिच्याशी फक्त मिठाबद्दल बोलते. इतकी वर्षं झाली, तिला माझं मीठ तेवढं ठाऊक. मला म्हणाल्या, तूपण आपली सुईदोऱ्याबद्दल बोल. घरचं अवाक्षर काढू नकोस.

पुढे म्हणाल्या, आणि पोरीला काढ इथून. अजून तुला आई म्हणते तोवर काढ.

रात्रीचे जेवण गेले नाही. ताट परत पाठवले. असे मी कधी करत नाही.

२२ जानेवारी

पहिल्या दिवशी मीही सांगितले होते. माहेरचे. या वहीतच लिहिले आहे, चहा निवला म्हणून.

सकाळपासून माहेर आठवते आहे. भाऊ आठवतो. त्याचे आत्ताचे दुकान, त्याचा टेम्पो, त्याचे टक्कल. पण आम्ही लहान होतो ते घर नाही. दार कुठल्या बाजूला होते? आईचे हात कसे होते? मला आई होती, एवढे ठाऊक आहे. प्रत्येकाला असते म्हणून.

चोवीस तारखेला मोटार आहे. ठकूला घेऊन निघायचे. ट्रंक राहू दे.

२४ जानेवारी

निघालो नाही.

ठकू फाटकापर्यंत आली, कुठे जायचं विचारत. घरी म्हटले. तिने विचारले, कुठलं घर, आणि फाटकाची सळई धरून बसली. ओढले तर किंचाळायला लागली. मुले गोळा झाली, काळे झगे घालून, एक शब्द न बोलता. मी काय करणार होते? पोटच्या पोरीला फरफटत नेऊ? आणि नेले तरी नेले काय, तिचे सगळे तर इथेच राहिले.

मोठ्या बाई पायरीवर उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. त्यांनी ठकूला पाणी दिले.

२५ जानेवारी, शनिवार

तिला रिकाम्या तासाला पाठवायचे नाही म्हणून कपडेघराला आतून कडी लावून दोघी बसलो. मी चादरी शिवत होते, ती अभ्र्यांच्या घड्या घालत होती. मला वाटले, जमले. मी भांड्यात पाणी आणायला आतल्या मोरीत गेले. तेवढ्यात कडी काढून गेली. स्वतःहून गेली. तिला जायचे असते. तिला तिथे बरे वाटते. मला पहिल्या दिवशी वाटले होते तसेच.

संध्याकाळी कपडेघराच्या दारावर टकटक झाली. ठकू कधी दार वाजवत नाही.

उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, अहो बाई, माझ्या झग्याची शिवण उसवली आहे. तुम्हाला वेळ होईल तेव्हा घालून द्याल का?

अहो म्हणाली. तुम्ही म्हणाली.

मी झगा घेतला. टाके घालून दिले. आभारी आहे म्हणाली आणि गेली.

२७ जानेवारी

मोठ्या बाईंकडे गेले. पाया पडले. माझी मुलगी मला परत द्या म्हटले. त्या मला खुर्चीवर बसवून म्हणाल्या, मुलगी तुमचीच आहे, कोणी धरून ठेवलं आहे? तिच्या गोष्टी म्हणत असाल तर त्या मिळतील. पण घेतलेली जागा रिकामी राहत नाही. एक न्यायची तर एक ठेवायची. तुमची चालेल.

मी खोलीवर येऊन विचार केला. त्यांना काय हवे ते त्यांनी सांगितले नाही, फक्त एकाला एक म्हणाल्या. मग चांगले कशाला द्यायचे? माझ्याकडे टाकाऊ का थोडे आहे? जाऊबाईंचे टोमणे. दाढ काढली तो दिवस. ह्यांचे आजारपण, ते शेवटचे दिवस, तो शेवटचा. हे सगळे गेले तर माझेच ओझे उतरेल, आणि पोरीला तिचे परत मिळेल. झिजलेला भाग कडेला टाकायचा, धड भाग आत घ्यायचा. आयुष्यभर तेच करत आले.

देवा, सांभाळ.

२८ जानेवारी

जाऊबाईंबद्दलचे सांगितले. संध्याकाळी ठकूने विचारले, भुरी कुठे असेल आता, कोणी दूध घालत असेल का?

मी तिला जवळ घेतले. ती अवघडून उभी राहिली. मी अजून तिची कपडेवाली बाईच. पण मांजर आले. मांजर आले म्हणजे बाकीचेही येईल.

आज काय सांगितले ते वर लिहिले आहे, म्हणून कळते. जाऊबाईंनी मला काय केले होते? मला तर त्या चांगल्याच आठवतात.

२९ जानेवारी

आजारपणाचे आणि शेवटच्या दिवसांचे सांगितले. सगळे एकदम दिले. मोठ्या बाईंचे डोळे ओलावले होते. किती छान सांगता तुम्ही, म्हणाल्या.

अंग पिसासारखे झाले आहे. बाहेर स्वच्छ ऊन. मुले ओळीने चालली आहेत.

३० जानेवारी

ठकू धावत कपडेघरात आली आणि चादरींच्या ढिगावर कोसळली. बाबा, बाबा करत हुंदके देत होती. मी घाबरले. तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटले, अगं रडतेस काय वेड्यासारखी, बाबा येतील की रविवारच्या मोटारीने. तुला बघून किती खूश होतील.

तिचे रडणे एकदम थांबले. माझ्याकडे बघून ती मागे सरकली. सरकत सरकत दारापर्यंत गेली.

तिला काय झाले असेल?

हे अजून का आले नाहीत? पत्रही नाही. रागावले असतील का मी इथे नोकरी धरली म्हणून?

३१ जानेवारी

मागची पाने वाचली. माझ्या अक्षरात लिहिले आहे की हे गेले. असे अभद्र मी का लिहीन?

पण अक्षर माझेच. र ला शेपूट काढायची सवयही माझीच.

म्हणजे दिले. तेच दिले. ह्यांचे जाणे गेले, म्हणून हे माझ्याकडे जिवंत आहेत आणि माझी मुलगी एकटी रडते आहे. तिच्या रडण्यात मी नाही. टाकाऊ म्हणून मी काय टाकले, देवा.

रविवारी मोटार आली की मी फाटकाशी जाईन. मला माहीत आहे ते येणार नाहीत. तरी जाईन.

२ फेब्रुवारी

गेले. मोटार आली. कोणी उतरले नाही. ठकू खिडकीतून बघत होती.

४ फेब्रुवारी

अजून तिला घर नाही. अंगणही नाही. आज गेले तर मोठ्या बाई म्हणाल्या, असलं नको आता. वापरातलं द्या. रोजचं.

रोजचे माझ्याकडे काय आहे? मी नाही म्हटले. त्या नुसत्या बसून राहिल्या, मान किंचित कलती करून. ऐकत असतात तशा. खिडकीतून ठकू दिसत होती, अंगणात उभी, कोणत्या दिशेला जावे ते न कळल्यासारखी.

सांगितली. लहानपणापासूनची प्रार्थना. ओळ न ओळ.

५ फेब्रुवारी

सकाळी आंघोळ करून बसले. हात जोडले.

पुढे काय असते?

जोडलेले हात तसेच धरून बसले. ऊन भिंतीवरून खाली आले. भीती वाटते आणि ती कोणाला सांगावी ते कळत नाही. आधी कोणाला तरी सांगत असे. वर जागोजागी लिहिले आहे, देवा, देवा. हाक मारलेली दिसते. हाक मारणारी मी. पण —

ठकूला घर मिळाले. अंगणातला नळ गळायचा, म्हणाली. त्याखाली कोण भांडे ठेवायचे ते तिला आठवत नाही. मी ठेवायचे, ठकू. थेंब वाया जाऊ नये म्हणून.

६ फेब्रुवारी

आता एकच उरले. मी. मी तिची आई आहे, हे.

मोठ्या बाईंनी सांगण्याआधीच कळले होते बदल्यात काय मागतील. तेवढ्याच मापाचे. ती माझी मुलगी आहे, हे. तिच्या जन्मापासून आजपर्यंतचे, काही न गाळता.

कपडे नेणाऱ्या गाडीवाल्याबरोबर भावाला निरोप धाडला. शनिवारी दुपारी टेम्पो घेऊन ये. ठकू तुला ओळखेल. मी ओळखले नाही तरी दोघींना घेऊन जा. मी हात सोडवून घेईन, ओरडेन, तुला चोर म्हणेन. ऐकू नकोस. मला उचलून टाक टेम्पोत. लहानपणी —

लहानपणीचे आठवत नाही. पण तो माझे ऐकतो, एवढे अजून ठाऊक आहे.

स्वयंपाकीणबाईंना सांगितले. त्यांनी माझ्या ताटात दुप्पट वाढले. नंतर शेगडीकडे तोंड करून म्हणाल्या, नको गं देऊस. मी म्हटले, मग तिला काय देऊ?

७ फेब्रुवारी

उद्या. सुईत दोरा जात नाही.

आज ती झगा घ्यायला आली होती. वाकून गुंडी लावत होती. मानेवर तीळ आहे. जन्मली तेव्हा मी आधी तोच पाहिला, मग चेहरा. पावसाच्या थेंबाएवढी नखे. पहिले दोन महिने रात्रभर रडायची आणि मी पदराखाली घेऊन — नको. इथे लिहिले तरी चालते, पण हात थांबतो. पुरते सांगितले की जाते. कोणाला सांगितले की जाते ते मला आता नीट —

नको.

८ फेब्रुवारी, शनिवार

जेवण झाले. मी वाचनालयातून आले. फार चांगले वाटते आहे.

नाही. वाटत नाही. अंग हलके आहे आणि दात वाजताहेत. थंडी नाही. सगळे काही दिले की भीतीही जायला हवी होती. ती तेवढी त्यांनी घेतली नाही. कशाची भीती ते गेले, आणि नुसती —

फाटकाशी टेम्पो आहे. एक टकला माणूस अंगण ओलांडून येतो आहे. त्याच्या पुढे एक मुलगी धावते आहे, काळा झगा घातलेली. झगा वाटेत काढून फेकला तिने. चांगला होता. नुकता शिवलेला दिसत होता.

ती आई म्हणून ओरडते आहे. कोणाला, ते —

मागची पाने चाळली. पानोपानी ठकू. कोण्या बाईचा फार जीव असावा तिच्यावर.

दारात आली. माझ्याकडेच बघते आहे. गालावरून पाणी. माणूस म्हणतो, ताई, ऊठ. मी म्हटले, अहो, तुमची काहीतरी चूक होते आहे. तो म्हणतो, चूक तर चूक, तू चल. माझा दंड धरला आहे त्याने. मी ओरडणार होते, पण मुलीने माझा पदर मुठीत घट्ट —

उजवा हात मोकळा आहे, म्हणून लिहिते. हे कोण आहेत मला ठाऊक नाही. पण यांची भीती वाटत नाही. मूठ ऊबदार आहे. जावे का? भीती वाटते ती मागची. जिन्यावर पावले वाजताहेत, सावकाश, मुलांची, सगळ्यांची एकदम. आणि पुढे तो मऊ आवाज, म्हणतो आहे, जाण्याआधी एकदा बसा, ही मुलगी दारात आली तेव्हा तुम्हाला काय वाटलं, तेवढं पहिल्यापासून शेवटपर्यंत मला —